गोळी सुटल्याचा त्रास की मूळचीच एडीएचडी?

एडीएचडी म्हणजे लक्ष न टिकण्याचा, उतावळेपणाचा आणि अति चळवळीचा विकार. उन्हाळ्याच्या सुट्टीत त्याच्या गोळीलाही सुट्टी द्यायची, असं काही पालक डॉक्टरांना विचारून करतात. आम्हीही केलं. तिसऱ्या दिवशी मुलगा दुपारी कूलरपुढे आडवा झाला तो चार तास उठलाच नाही, आणि उठला तो चिडतच. सासूबाई म्हणाल्या, "पाह्य, गोळीशिवाय पोट्ट्याचं काही खरं नाही." मलाही तेच वाटलं. दोघींचं चुकलं.

आपल्याकडे या आजारावर उत्तेजक (मेंदूला चालना देणारं औषध) म्हणून मुख्यतः मिथाइलफेनिडेट देतात. (अमेरिकी लेखांत सतत दिसणारं अ‍ॅडरॉल हे दुसरं उत्तेजक इथे विकायला नाही.) साध्या गोळीचा असर तीन-चार तास, सावकाश विरघळणारीचा 8 ते 12 तास. म्हणजे आज गोळी चुकली की मूळची एडीएचडी आजच हजर: एक चप्पल दारात, दुसरी पलंगाखाली, सांगितलेल्या तीन कामांतलं एकच लक्षात. हे सगळं गोळी सुरू होण्याआधीही होतं, आणि महिनाभर थांबलात तरी तितकंच राहतं.

गोळी सुटल्याचा त्रास वेगळा. गळून जाणं, झोपच झोप, उदासी, खवळलेली भूक. यातलं बरंचसं मुलात पूर्वी नसतं. ठरल्या डोसवर हा त्रास सहसा सौम्य असतो आणि काही दिवसांत, फार तर दोन-तीन आठवड्यांत ओसरतो. डोस मोठा असेल किंवा परीक्षेच्या नादात कोणी मनानेच वाढवला असेल, तर जोर जास्त.

नागपूरच्या मे महिन्यात मात्र हे ओळखणं अवघड. पारा 45 ला टेकला की धडधाकट माणूसही दुपारी गळतो, रात्री तळमळतो. आम्हाला खूण सापडली ती ताटात. उकाड्याने सगळ्यांचं जेवण कमी झालेलं, आणि हा रसाच्या तीन वाट्या संपवून चौथी मागतोय! गोळी भूक मारते. ती सुटली की भूक परत येते. उन्हाने असं होत नाही.

सुट्टी देण्यामागे एक कारण भूक आणि वाढ हेच. वर्षानुवर्षं गोळी घेणाऱ्या काही मुलांची उंची सरासरी एक-दोन सेंटीमीटरने मागे राहते. नाडी आणि रक्तदाबही थोडा चढतो, म्हणून वजन-उंचीसोबत तेही मोजत राहायचं, मोठ्यांनी तर नक्कीच.

एका बाबतीत मात्र आठवडे मोजत बसू नका. उदासी गडद झाली, जगणं नको असं बोलणं आलं, तर त्याच दिवशी डॉक्टर गाठा. टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा 14416 हा नंबर चोवीस तास चालतो.

विदर्भातल्या शाळा जूनअखेर उघडतात. तोवर आमच्याकडची दुपारची झोप गेली होती, चिडचिडही. चपला मात्र अजून दोन ठिकाणी.