चाव्या, सनद आणि तीन पायांची खुर्ची

आपल्याकडे नवे कुलगुरू पदभार स्वीकारतात तेव्हा एक सही होते, पुष्पगुच्छ येतात, फोटो निघतो आणि पाचव्या मिनिटाला शिपाई फायली आत आणू लागतो. अमेरिकेत मात्र विद्यापीठाच्या अध्यक्षाचे पदग्रहण हा राज्यारोहणाच्या थाटाचा कार्यक्रम असतो. झगे, मिरवणूक, बँड, सगळे काही. यातले बरेचसे गेल्या दीडशे वर्षांत जमवलेले आहे. हार्वर्डचे प्रकरण वेगळे, कारण तिथे आज शोभेच्या वाटणाऱ्या काही वस्तू एके काळी खरोखर कामाच्या होत्या.

हार्वर्डची स्थापना १६३६ची. १६५० साली मॅसॅच्युसेट्स या इंग्रज वसाहतीचा गव्हर्नर थॉमस डडली याच्या सहीने कॉलेजला सनद मिळाली. अध्यक्ष, पाच फेलो (म्हणजे मंडळाचे सदस्य) आणि खजिनदार अशा सात जणांचे मंडळ कारभार पाहील, असे त्या चर्मपत्रावर लिहिले होते. पण १६८४ मध्ये इंग्लंडच्या राजसत्तेने खुद्द वसाहतीचीच सनद रद्द केली आणि कॉलेजची सनद जिवंत की मेलेली, हा घोळ सुरू झाला. नव्या सनदेचे मसुदे होत राहिले, एकही टिकला नाही. जवळजवळ पाव शतक संस्था कायद्याच्या दृष्टीने अधांतरी होती.

हा तिढा सोडवला थॉमसच्याच मुलाने. जोसेफ डडली आता गव्हर्नर होता. १७०७च्या डिसेंबरात त्याने वसाहतीच्या विधिमंडळाकडून असा ठराव करून घेतला, की १६५०ची सनद कधी रद्द झालेलीच नाही. पुढच्याच महिन्यात, म्हणजे जानेवारी १७०८ मध्ये, जॉन लेव्हरेट अध्यक्षपदी बसला. लॅटिन भाषणे झाली आणि गव्हर्नरने त्याच्याकडे सनद, दप्तर, शिक्का आणि किल्ल्या सोपवल्या. तो शुद्ध ताबा होता. ज्याच्याकडे सनद त्याचा हक्क आणि ज्याच्याकडे किल्ल्या त्याची वास्तू. त्याच जानेवारीत साताऱ्याला शाहू महाराजांचा राज्याभिषेक झाला आणि पाच वर्षांनी बाळाजी विश्वनाथाला पेशवाईची वस्त्रे मिळाली. शिक्के-कट्यारीचा अर्थ ठाऊक असलेल्या मराठी वाचकाला बॉस्टनजवळचा हा सोपस्कार वेगळा समजावून सांगायला नको.

लेव्हरेट धर्मोपदेशक नव्हता, कायदा आणि न्यायदानात मुरलेला गृहस्थ होता. जुन्या पठडीच्या मंडळींना हे रुचले नाही. माजी अध्यक्ष इन्क्रीज मेदर आणि त्याचा मुलगा कॉटन यांनी गव्हर्नरला इतकी जळजळीत पत्रे लिहिली की आजच्या विद्यापीठीय राजकारणातले लोकही त्यापुढे सौम्य वाटावेत.

आजही त्याच वस्तू दिल्या जातात. फक्त चाव्या आता चांदीच्या, १८४६ साली घडवलेल्या. त्यांनी कुठलेच दार उघडत नाही. शिक्के एकोणिसाव्या शतकातले. सनद मूळची १६५०ची आणि सोबत कॉलेजची सर्वांत जुनी नोंदवही. अलीकडच्या सोहळ्यांत या वस्तू सोपवायला माजी अध्यक्ष पुढे येतात. नव्या अध्यक्षाच्या अंगावर प्युरिटन या कर्मठ प्रोटेस्टंट पंथाच्या धर्मोपदेशकाच्या वळणाचा साधा काळा झगा असतो. बाकीच्या प्राध्यापकांच्या रंगीबेरंगी झग्यांत तो उलट उठून दिसतो.

पदग्रहणाच्या वेळी अध्यक्ष ज्या खुर्चीवर बसतो, तिची गोष्ट निराळी. एडवर्ड होल्योक १७३७ ते १७६९ अध्यक्ष होता. ही खुर्ची त्याने कॉलेजसाठी घेतली. बैठक त्रिकोणी, पाय तीन, अंगभर खरादावर कातलेले दांडे. ती बहुधा सोळाव्या शतकातली, म्हणजे कॉलेजपेक्षाही वयाने मोठी. हातांवरचे लाकडी गोळे होल्योकने स्वतः कातून बसवले, असे सांगतात. कॉपली या चित्रकाराने त्याचे चित्र काढले, त्यात तो तिच्यातच ऐसपैस बसलेला आहे. ऐसपैस तो चित्रातच. प्रत्यक्षात खुर्ची भलतीच गैरसोयीची, असे ऐकू येते. पदवीदान आणि पदग्रहण सोडले तर तिच्यावर कोणी बसत नाही.

पाहुण्या विद्यापीठांचे प्रतिनिधी अशा मिरवणुकांत स्थापनेच्या सालानुसार चालतात, सर्वांत जुने पुढे. म्हणजे बोलोन्या, ऑक्सफर्ड आघाडीवर. या हिशेबाने १८५७च्या मुंबई विद्यापीठाचा माणूस कॉर्नेल (१८६५) आणि स्टॅनफर्ड (१८८५) यांच्या पुढे चालेल. क्रमवारीच्या याद्यांत न मिळणारा हा मान आहे, म्हणून मला तो विशेष आवडतो.

थाट मात्र सतत चढता राहिलेला नाही. १९३३ मध्ये, महामंदीच्या दिवसांत, रसायनशास्त्रज्ञ जेम्स कॉनंट यांनी लेव्हरेटच्या पदग्रहणाचा दाखला देत सगळे एका सभागृहात, मोजक्या लोकांसमोर उरकले. १९७१ मध्ये डेरेक बॉक यांनीही तोच साधेपणा ठेवला. १९९१ मध्ये नील रुडेन्स्टाइन यांच्या वेळी सोहळा पुन्हा मोठ्या प्रमाणावर मैदानात आला. २९ सप्टेंबर २०२३ रोजी क्लॉडीन गे यांचे पदग्रहण भर पावसात झाले. पुढच्या २ जानेवारीला त्यांनी राजीनामाही दिला.

गे यांनी कामाला सुरुवात केली होती १ जुलैलाच. त्यांच्याआधीचे लॉरेन्स बॅकाऊ १ जुलै २०१८ला रुजू झाले आणि चाव्या हातात पडल्या ५ ऑक्टोबरला. नेमणूक त्या सनदेतून चालत आलेले मंडळ करते. सात जणांचे ते मंडळ २०१० नंतर तेरा जणांचे झाले. लेव्हरेटच्या वेळी सनद हाती आल्यावर कारभार सुरू झाला. आता कारभार तीन महिने चालल्यावर सनद हाती येते.