सदाफुलीचं पान चघळण्याआधी

‘रोज सकाळी सदाफुलीची चार पानं चावून खा, साखर आटोक्यात येईल आणि कॅन्सर जवळ फिरकणार नाही.’ हा निरोप मला महिन्याभरात तिघांनी पाठवला. त्यात तथ्याचा एक कण आहे, आणि सगळा घोटाळा त्या कणानेच केला आहे.

सदाफुली मूळची मादागास्करची. तिच्या पानांनी मधुमेह बरा होतो, असा समज बऱ्याच देशांत होता. १९५०च्या दशकात कॅनडात रॉबर्ट नोबल आणि चार्ल्स बीअर या संशोधकांनी जमैकातून आलेल्या पानांवर तोच तपासायला घेतला. पोटातून दिलेल्या अर्काने उंदरांची साखर ढिम्म हलली नाही. टोचून दिल्यावर मात्र उंदीर जंतुसंसर्गाने मेले, कारण त्यांच्या रक्तातल्या पांढऱ्या पेशी कोसळल्या होत्या. मग पांढऱ्या पेशी बेसुमार वाढतात त्या रक्ताच्या कॅन्सरवर हे चालेल का? या प्रश्नातून व्हिनब्लास्टीन हे औषध हाती आलं. पाठोपाठ सदाफुलीतूनच आलेल्या व्हिन्क्रिस्टीनला अमेरिकेत १९६३ साली मान्यता मिळाली. लहान मुलांच्या रक्तकर्करोगावर ते आजही वापरतात.

ही औषधं करतात काय, हा माझा आवडता भाग. पेशीत ट्युब्युलिन नावाचं प्रथिन असतं. अल्फा आणि बीटा अशा दोन रेणूंची जोडी म्हणजे एक वीट. विटा रचत जाऊन सुमारे २५ नॅनोमीटर जाडीची पोकळ नळी होते, तिला सूक्ष्मनलिका म्हणतात. ही नळी स्वस्थ बसत नाही. नव्या विटेतल्या बीटा रेणूवर जीटीपी नावाचा ऊर्जा बाळगणारा छोटा रेणू असतो. वीट बसली की थोड्या वेळाने त्यातला एक फॉस्फेट गळून त्याचं जीडीपी होतं. टोकाशी जीटीपीवाल्या विटांची टोपी आहे तोवर नळी वाढते. टोपी गेली की ती भराभर उकलत मागे येते, आणि पुन्हा वाढू लागते. पेशी दुभंगताना याच चाचपडण्यातून नळ्यांना गुणसूत्रं सापडतात. गुणसूत्रांच्या प्रत्येक जोडीला दोन्ही बाजूंनी पकड बसली, दोर ताणला गेला, की मगच वाटणी होते.

व्हिनब्लास्टीन नळीच्या टोकाशी दोन विटांमध्ये पाचरीसारखं शिरतं. मोजके रेणू बसले तरी टोकाची हालचाल मंदावते, ताण येत नाही आणि पेशी वाटणीच्या उंबऱ्यावर अडून राहते. अशा अडलेल्या पुष्कळ पेशी मरतात. सतत दुभंगणाऱ्या कॅन्सरच्या पेशींना हे भोवतं, तसंच केसांच्या मुळांना आणि अस्थिमज्जेलाही. मज्जातंतूंच्या पेशी दुभंगत नाहीत, पण त्यांच्या लांबलचक तंतूंतली मालवाहतूक याच नळ्यांवरून चालते. म्हणून व्हिन्क्रिस्टीनने हातापायांची बोटं बधिर होतात. ते फक्त शिरेतून देतात, तेही एका वेळी सहसा २ मिलिग्रॅमच्या आत. चुकून मणक्यातल्या द्रवात गेलं तर रुग्ण दगावतो.

आता पानाकडे वळू. व्हिनब्लास्टीन म्हणजे व्हिन्डोलीन आणि कॅथरॅन्थीन यांची जोडी. झाड या दोघांना वेगळं ठेवतं. व्हिन्डोलीन पानाच्या आतल्या पेशींत, तर कॅथरॅन्थीन जवळजवळ सगळं पानावरच्या मेणात! त्यामुळे जोडी फारच थोडी जुळते. १ ग्रॅम व्हिनब्लास्टीनसाठी सुमारे ५०० किलो सुकी पानं लागतात. चार पानांत औषध नगण्य येतं, बाकीची शंभरावर अल्कलॉइडं (वनस्पतीत बनणारी, शरीरावर परिणाम करणारी रसायनं) मात्र पोटात जातात. ‘नैसर्गिक आहे, अपाय नाही’ म्हणणाऱ्यांनी गुरं या झाडाला तोंड का लावत नाहीत, तेवढं सांगावं. २०२२ साली जनुकं बदललेल्या यीस्टकडून हे दोन्ही घटक बनवून घेऊन प्रयोगशाळेत जोडण्यात आले, पण म्हणून पानांची गरज संपलेली नाही.

लावायला सदाफुली सोपी. बारीक काळं बी अंधारात चांगलं रुजतं, म्हणून ते मातीने झाकावं. ऊन भरपूर हवं. पाणी कमी पडलं तरी झाड तगतं, साचलं तर मूळ कुजतं. कधी एखाद्या झाडाला पाकळ्यांच्या जागी हिरवी पानं फुटतात. त्याला कुणी दैवी चमत्कार म्हणालं, तरी तो तुडतुड्यांनी पसरवलेल्या फायटोप्लाझ्मा जंतूचा रोग असतो. असं झाड उपटून टाकावं, नाहीतर शेजारचीही हिरवी पडतात.