उशिरा आलेलं पॅकेट म्हणजे वरातीमागून घोडं

स्पीड टेस्ट १०० एमबीपीएस दाखवते आणि तरी कॉलवर "हॅलो, आवाज येतोय का" चालूच असतं, आणि आपण शिव्या घालतो स्पीडला. पण आवाजाला स्पीड लागतोच किती? जुन्या जी.७११ कोडेकला (आवाजाचे आकडे करायची पद्धत) सेकंदाला ६४ किलोबिट पुरतात, दर २० मिलिसेकंदांनी १६० बाइट आवाज भरलेलं एक पॅकेट (नेटवर सगळंच अशा छोट्या गठ्ठ्यांत जातं), बस. अडचण वेळेची आहे. पीडीएफचं एखादं पॅकेट दोन सेकंद उशिरा आलं तरी फाइल धडधाकट उघडते, आवाजाचं पॅकेट मात्र पाळी टळल्यावर आलं की वरातीमागून घोडं, सरळ फेकून द्यायचं.

एका बाजूने साधारण १५० मिलिसेकंदांपर्यंतचा उशीर गप्पांमध्ये फारसा जाणवत नाही, असं आयटीयू या आंतरराष्ट्रीय दूरसंचार संस्थेची शिफारस सांगते. आता मुंबईची आजी न्यूयॉर्कमधल्या नातवाशी बोलतेय असं धरा. अंतर सरळ मोजलं तरी १२,५०० किलोमीटर आणि फायबरमध्ये प्रकाश धावतो सेकंदाला जेमतेम २ लाख किलोमीटर, म्हणजे साठेक मिलिसेकंद नुसत्या प्रवासातच गेले (केबल काय सरळ जात नाही, त्यामुळे खरं तर जास्तच), आणि उरलेल्यात फोनचं कोडिंग, वाटेतल्या राउटरच्या रांगा आणि मोबाइल टॉवर, सगळ्यांनी भागवायचं.

खरी गंमत टॉवरवर आहे. फोरजीमध्ये कोणाला किती जागा द्यायची हे शेड्युलर, म्हणजे टॉवरवरचा नंबर लावणारा प्रोग्राम, दर १ मिलिसेकंदाला नव्याने ठरवतो. ऑपरेटरच्या स्वतःच्या व्होल्टी कॉलला (फोरजीवरून जाणारा साधा फोन कॉल) स्टँडर्डमध्ये उशिरासाठी १०० मिलिसेकंदांचं बजेट आहे आणि शंभरात एक पॅकेट हरवलेलं चालतं, साध्या इंटरनेटला ३०० मिलिसेकंद, पण तिथे हरवायची मुभा दहा लाखात एक. म्हणजे आवाजाला घाई फार पण थोडं सांडलेलं चालतं, डाउनलोडचं बरोब्बर उलटं. व्हॉट्सॲप कॉल मात्र सहसा त्या साध्या रांगेतच उभा असतो, हे बऱ्याच जणांना माहीतच नसतं.

मग ज्याची मुदत आधी संपतेय त्याला आधी सोडा की, सोप्पं! ही पद्धत जुनीच आहे. १९७३ मध्ये लिऊ आणि लेलँड या संशोधकांनी सिद्ध केलं की एका प्रोसेसरवर सगळी कामं वेळेत बसण्यासारखी असतील तर असं केल्याने ती बसतातच. पण गर्दी झाली की हीच पद्धत तोंडावर आपटते, कारण शेड्युलर जवळपास मेलेल्या पॅकेटला वाचवायला धावतो, तेवढ्यात मागचं मरायला टेकतं, मग त्याच्यामागे धावतो, आणि शेवटी सगळीच उशिरा. त्यात रेडिओचा घोळ वेगळाच, मुदत संपत आलेला माणूस नेमका लिफ्टमध्ये असतो, सिग्नल इतका वाईट की त्याच्या एका पॅकेटच्या जागेत बाहेरच्या चार जणांची कामं झाली असती. म्हणून प्रत्यक्षात सिग्नल किती चांगला, पॅकेट किती वेळ ताटकळलंय आणि या माणसाला आत्तापर्यंत किती मिळालंय, या सगळ्याची गोळाबेरीज करून नंबर लावतात, आणि जे वेळेत पोचणारच नाही ते पाठवण्याआधीच टाकून देणं हेच शहाणपण. व्हिडिओत मात्र काय टाकताय ते बघावं लागतं, पूर्ण चित्राची फ्रेम गेली तर तिच्यावर बेतलेल्या पुढच्या फ्रेम्सही बिघडतात.

घरात हेच दुखणं छोट्या प्रमाणात. कोणीतरी फोटोंचा बॅकअप लावतो, अपलोडची रांग तुंबते, कॉलची पॅकेटं तिच्या शेपटाला. यावर २०१२ मध्ये कॅथलीन निकोल्स आणि व्हॅन जेकबसन यांनी कोडेल नावाचं रांग सांभाळायचं तंत्र आणलं, रांगेतली वाट बघणं १०० मिलिसेकंद सलग ५ मिलिसेकंदांच्या वरच राहिलं तर ते पॅकेटं टाकायला लागतं, की पाठवणारा आपोआप हळू होतो. तुमच्या राउटरमध्ये एसक्यूएम नावाची, अशीच रांग आवरणारी सेटिंग असेल तर चालू करा, आणि तिथे स्पीडचा आकडा लाइनच्या खऱ्या स्पीडपेक्षा थोडा कमीच टाका, नाहीतर रांग मोडेममध्ये लागते आणि तिथे राउटरचं काही चालत नाही.