दुखणं मानेचं, बोंब कपाळाची

ऑक्टोबर छाटणी उरकली की दिंडोरी-निफाडकडच्या द्राक्षबागांत मांडवाखालची कामं सुरू होतात. फुटवे काढायचे, घडांचं थिनिंग म्हणजे विरळणी करायची, जीएच्या (जिबरेलिक ॲसिड, वाढीचं संजीवक) द्रावणात घड बुडवून डिपिंग करायचं, आणि सगळं मान वर करून. संध्याकाळी घरी आलेली बाई मात्र मान सोडून कपाळ चेपत बसते. डोळ्यामागे ठणकतं म्हणते, बामही कपाळालाच चोळते.

तिचं काही चुकत नाही. मानेतल्या वरच्या तीन नसा आणि चेहऱ्या-कपाळाची संवेदना नेणारी ट्रायजेमिनल नस, या दोन्हींचे निरोप मज्जारज्जूच्या वरच्या टोकाला एकाच पेशीसमूहात येऊन पडतात. मूळ दुखणं कुठलं, याचा मेंदूला मग पत्ता लागत नाही.

उपचारासाठी हीच गल्लत कामी येते. डोक्याच्या मागच्या बाजूला, कवटीच्या कडेपाशी, मानेतल्या त्याच नसांतून निघालेली ऑक्सिपिटल नस कातडीखालून वर चढते. तिला सौम्य वीज दिली की कपाळाचं दुखणंही कमी होऊ शकतं. याच्या मुळाशी मेल्झॅक आणि वॉल या वेदना-संशोधकांनी 1965 साली मांडलेला विचार आहे: स्पर्शाचे जाड तंतू जागे झाले की वेदनेची वाट काहीशी अडते. ठेच लागल्यावर आपण अंगठा चोळतो, ते उगीच नाही. दोनच वर्षांनी वॉल आणि स्वीट यांनी स्वतःच्याच गालाच्या नसेत इलेक्ट्रोड खुपसून याची परीक्षा घेतली. हौस दांडगी!

फिजिओथेरपिस्टकडचं टेन्स मशीन, म्हणजे कातडीवर पॅड चिकटवून सौम्य वीज देणारं यंत्र, याच तत्त्वावर चालतं. औषधांना न जुमानणाऱ्या मोजक्या रुग्णांत तार आणि बॅटरी कातडीखाली बसवतात. ऑक्सिपिटल नसेवरचा असा प्रयोग वायनर आणि रीड यांनी 1999 साली प्रसिद्ध केला. मान सतत हलते, त्यामुळे तार सरकते आणि पुन्हा शस्त्रक्रिया करावी लागते. शिवाय 2021 साली प्रसिद्ध झालेल्या, क्लस्टर डोकेदुखीच्या (एका डोळ्याभोवती झटक्यांनी येणाऱ्या तीव्र दुखण्याच्या) रुग्णांना अशीच तार बसवून केलेल्या मोठ्या चाचणीत एका गटाला पूर्ण ताकदीची, दुसऱ्याला 30 टक्के वीज दिली. झटके दोन्हीकडे सारखेच, निम्म्याच्या आसपास उतरले! मग गुण विजेचा किती आणि विश्वासाचा किती? माझ्या मते एवढ्या खर्चाचा उपाय सगळ्यात शेवटीच काढावा.

टेन्स त्या मानाने स्वस्त आणि सोपं, पण पेसमेकर असेल तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय हात लावू नये. पॅड मानेच्या मागेच लावायचे. गळ्याच्या पुढच्या बाजूला रक्तदाब आणि हृदयाची गती सांभाळणाऱ्या नसा असतात, तिथे वीज नको.