केनेल कफ (लहान जातींच्या कुत्र्यांतील)

केनेल कफ : कुत्र्यांची श्वासनलिका आणि तिच्या फाट्यांना सूज आणणारा संसर्गजन्य खोकला. अनेक कुत्री एका छपराखाली, म्हणजे केनेलमध्ये (कुत्री ठेवण्याच्या जागेत), असली की तो झपाट्याने पसरतो, म्हणून हे नाव. दिवाळीत किंवा मे महिन्यात घरची मंडळी गावी जातात, कुत्रा बोर्डिंगमध्ये राहतो आणि परतल्यावर आठवडाभरात खोकू लागतो. संसर्गानंतर लक्षणे दिसायला २ ते १४ दिवस लागतात.

खोकला कोरडा, कर्कश असतो. कुत्रा मान पुढे ताणून ठसकतो, शेवटी उबळ येते आणि थोडा पांढरा फेस पडतो. घरच्यांना हमखास वाटते, घशात हाड अडकले. एरवी तो खातो, खेळतो. गळ्यातला पट्टा ओढला गेला की मात्र पुन्हा ठसका लागतो.

कारण एकच नसते. पॅराइन्फ्लुएंझा, अडिनोव्हायरस-२ यांसारखे विषाणू वाट मोकळी करतात आणि बोर्डेटेला ब्रॉन्किसेप्टिका हा जिवाणू ठाण मांडतो. माणसांतला डांग्या खोकला याच्याच भाऊबंदाचा. श्वासनलिकेच्या अस्तरावरचे सूक्ष्म केस कफ सतत वर ढकलत असतात. बोर्डेटेला नेमका त्यांना चिकटतो आणि लुळे पाडतो. बरा दिसणारा कुत्राही काही आठवडे, क्वचित तीन महिन्यांपर्यंत, हा जिवाणू बाहेर टाकत राहतो.

पॉमेरेनियन (आपल्याकडे या नावाने मिळणारी बरीचशी कुत्री खरे तर इंडियन स्पिट्झ असतात), यॉर्कशायर टेरियर, चिवावा यांच्या श्वासनलिकेच्या कड्या मुळात मऊ पडून ती चपटी होण्याचा धोका असतो. तिथे हा खोकला पडला की दुखणे लांबते. पग, शिट्झू यांना आखूड नाकामुळे आधीच दम पुरत नाही. म्हाताऱ्या लहान कुत्र्याचा खोकला हृदयाच्या झडपेतील बिघाडामुळेही असू शकतो, तेव्हा प्रत्येक खोकल्याला केनेल कफ म्हणू नये.

सौम्य आजार बहुधा दोन-तीन आठवड्यांत आपोआप बरा होतो. विश्रांती, गळ्यातल्या पट्ट्याऐवजी हार्नेस (छातीभोवती बांधायचा पट्टा), उदबत्ती-सिगारेटच्या धुरापासून दूर ठेवणे आणि गरम पाणी सोडून वाफ भरलेल्या न्हाणीघरात दहा मिनिटे सोबत बसणे, एवढ्याने पुष्कळ आराम पडतो. प्रतिजैविक सरसकट लागत नाही. ताप, सुस्ती, नाकातून पिवळा शेंबूड किंवा दहा दिवसांवर रेंगाळलेला खोकला असेल तर डॉक्टर बहुधा डॉक्सिसायक्लिन देतात. धाप लागली, जिभेवर निळसर झाक आली किंवा पिल्लाने खाणे सोडले तर न्यूमोनियाची शंका घेऊन त्याच दिवशी दवाखाना गाठावा. घरातले माणसांचे कफ सिरप पाजू नये : काहींत पॅरासिटॅमॉल असते, काहींत झायलिटॉल (साखरेऐवजी घालायचा गोड पदार्थ), आणि चार किलोच्या कुत्र्याला थोडी मात्राही घातक ठरू शकते.

आजारी कुत्र्याला किमान दोन आठवडे इतरांपासून वेगळे ठेवावे. पाण्याचे भांडेही वेगळे. ‘सेव्हन इन वन’ ही एकत्रित लस टोचली म्हणजे झाले, हा समज अर्धाच खरा. त्यात वरचे दोन्ही विषाणू येतात, बोर्डेटेला येत नाही. त्याची लस वेगळी आणि बहुधा दरवर्षी घ्यावी लागते. टोचायची लस पहिल्यांदा दोन मात्रांत, काही आठवड्यांच्या अंतराने देतात, म्हणून सुटीच्या आदल्या दिवशी ती घेऊन उपयोग नाही. नाकात थेंब सोडायची लस एका मात्रेत आणि लवकर काम करते. नंतर चार दिवस शिंका आल्या तर घाबरू नये. या लशीत जिवंत जिवाणू असतात. त्यामुळे प्रतिजैविक चालू असताना ती वाया जाते, आणि चुकून सुईने टोचली गेली तर त्या जागी गळू होते, यकृतालाही इजा पोचू शकते.