गुरेत्स्कीच्या तिसऱ्या सिंफनीची पार्श्वभूमी

आधी एक सांगते, ही सिंफनी मोबाईलच्या स्पीकरवर लावू नका. सुरुवातीला बराच वेळ काही वाजतच नाहीये असं वाटतं आणि माणूस आवाज वाढवत बसतो, कारण सुरुवात फक्त डबल बासवर आहे, तेही अगदी खालच्या सुरात आणि अगदी हळू. हेडफोन लावून ऐकलं की कळतं, जमिनीखालून काहीतरी वर येतंय. २४ बारची (बार म्हणजे ठराविक मात्रांचा गट) एक धून, ती पुरी झाली की तीच धून वरच्या पंचमावरून दुसरा गट सुरू करतो, पहिला गट थांबत नाही, मग तिसरा, मग चौथा, असं चढत चढत सगळी तंतुवाद्यं भरून जातात आणि तेव्हा कुठे मध्यात एक बाई गायला लागते. ती गाऊन झाली की जसं चढलं तसंच सगळं खाली उतरतं. हा नुसता पहिला भाग, जवळजवळ २७ मिनिटांचा.

रचनाकार हेन्रिक मिकोवाय गुरेत्स्की. आपल्याकडे स्पेलिंग बघून गोरेकी म्हणतात पण पोलिशमध्ये तो ओ 'उ'सारखा बोलतात. यूट्यूबवर या सिंफनीचा दुसरा भाग तुकडा काढून 'सॅड म्युझिक', 'झोपेसाठी संगीत' अशा नावांखाली फिरत असतो. ऐकणाऱ्याला शांत वाटतं यात वाईट काही नाही, पण ते संगीत कुठून आलंय हे माहीत असलं की ते वेगळंच ऐकू येतं, म्हणून हे सगळं लिहितेय.

जन्म ६ डिसेंबर १९३३, चेर्नित्सा नावाचं गाव, दक्षिण पोलंडचा सायलेशिया भाग, कोळशाच्या खाणींचा मुलूख. वडील रेल्वेच्या माल ऑफिसात कामाला, आई हौसेनं पियानो वाजवायची. ६ डिसेंबर हा संत निकोलसचा दिवस आणि मिकोवाय म्हणजे निकोलसच. आणि हाच दिवस, १९३५ साली, म्हणजे मुलाच्या दुसऱ्या वाढदिवसाला, आई गेली. वडिलांनी दुसरं लग्न केलं, घरात आईचा पियानो तसाच होता पण या मुलाला त्याला हात लावायची परवानगी नव्हती. मला या माणसाबद्दल एकच गोष्ट सांगायची असती तर मी हा पियानोच सांगितला असता.

त्यात १९३७ मध्ये खेळताना पडला, कंबरेचा सांधा निखळला, गावातल्या डॉक्टरला नीट कळलं नाही आणि हाडात क्षयाचा संसर्ग झाला. दोन वर्षं धड उपचार नाहीत, मग जर्मनीतल्या हॉस्पिटलात २० महिने आणि चार ऑपरेशनं. इतक्या लहान वयात. पुढे आयुष्यभर तब्येतीची रडगाणी चालूच राहिली. व्हायोलिनची शिकवणी मिळाली ती दहाव्या वर्षाच्या आसपास, गावातल्याच एका हौशी वादकाकडे.

शाळा संपल्यावर १९५१ ते ५३ रिदुल्तोवीत प्राथमिक शाळेत मास्तरकी केली, जवळच रिबनिकच्या संगीतशाळेत शिकला, आणि १९५५ ला कातोवित्सेच्या संगीत अकादमीत बोलेस्वाव शाबेल्स्कींकडे गेला. शाबेल्स्की स्वतः शिमानोव्स्की या मोठ्या पोलिश रचनाकाराचे शिष्य, म्हणजे परंपरा सरळ होती. आणि वेळही नेमकी होती, कारण स्टालिन १९५३ ला गेला, पोलंडमध्ये जरा श्वास घ्यायला जागा झाली आणि १९५६ ला वॉर्सा ऑटम हा आधुनिक संगीताचा महोत्सव सुरू झाला. पूर्व गटातल्या देशात बसून पश्चिमेचं नवं संगीत ऐकायला मिळणं ही तेव्हा केवढी मोठी गोष्ट होती. पेंदेरेत्स्की, गुरेत्स्की ही १९३३ साली जन्मलेली पोरं याच महोत्सवातून पुढे आली.

आता ज्यांनी फक्त तिसरी सिंफनी ऐकलीय त्यांनी १९६० ची 'स्कोंत्री' ऐकून बघावी, तोच माणूस आहे यावर विश्वास बसत नाही. स्कोंत्री म्हणजे टकरी, आणि खरंच ऑर्केस्ट्राचे गट एकमेकांवर आदळतात, कर्कश, भडक, तालवाद्यांचा नुसता भडिमार. तेव्हा गुरेत्स्की पोलिश आधुनिकांमधला सगळ्यात पुढचा मानला जायचा. मग १९६० च्या दशकात हळूहळू तो एकेक गोष्ट कमी करत गेला. सूर कमी, गती कमी, एकच गोष्ट धरून ठेवायची आणि तिचाच पाठपुरावा करायचा. जुनी चर्चगीतं, मध्ययुगीन पोलिश चाली, टाट्रा डोंगरातल्या लोकांचं गाणंबजावणं हे आत येत गेलं. १९७२ ची दुसरी सिंफनी कोपर्निकसच्या पाचशेव्या जयंतीसाठी, तिच्यात पहिला भाग प्रचंड आवाजाचा आणि दुसरा एकदम शांत, म्हणजे वळण तिथे एकाच रचनेत दिसतं. त्यामुळे 'आधुनिक संगीत सोडून लोकांना आवडेल असं लिहिलं' हा त्याच्यावरचा आरोप मला पटत नाही, दहा-बारा वर्षं तो पायरी पायरीनं तिकडे चालत होता.

तिसरी सिंफनी लिहिली १९७६ च्या ऑक्टोबर ते डिसेंबरात, बाडेन-बाडेनच्या जर्मन रेडिओनं मागणी केली होती. नावच 'शोकगीतांची सिंफनी'. तीन भाग, तिन्ही संथ, सोप्रानोसाठी, म्हणजे वरच्या पट्टीच्या गायिकेसाठी, तीन गाणी. पहिल्यात पंधराव्या शतकातलं मठातलं विलापगीत, क्रूसावरच्या मुलाला मेरी म्हणते की तुझ्या जखमा आईला वाटून दे. तिसऱ्यात ओपोले भागातलं लोकगीत, सायलेशियातल्या उठावात (१९१९ ते २१) मारल्या गेलेल्या मुलाला आई शोधतेय, कुठे पुरलाय तेही तिला माहीत नाही.

दुसऱ्या भागाचे शब्द भिंतीवरचे आहेत. दक्षिण पोलंडमधल्या झाकोपानेत 'पॅलेस' नावाची एक इमारत गेस्टापोनं, म्हणजे नाझींच्या गुप्त पोलिसांनी, तुरुंग म्हणून वापरली, तिथे तळघरातल्या तीन नंबरच्या कोठडीत हेलेना वांडा ब्वाझुशियाक या मुलीनं कोरून ठेवलंय, वय १८, २६ सप्टेंबर १९४४ पासून कैदेत. मजकूर काय तर आई रडू नकोस, आणि मेरीची प्रार्थना, संपलं. बाकीच्या भिंतींवर लोकांनी मी निर्दोष आहे, हे खुनी आहेत, सूड घ्या असं लिहिलेलं, ते स्वाभाविकच होतं, पण या पोरीला स्वतःचं काहीच नव्हतं सांगायचं, तिला आईची काळजी. गुरेत्स्कीला नेमकं हेच भिडलं. आणि आता तीन गाणी ओळीनं लावून बघा, आई मुलासाठी, मुलगी आईसाठी, परत आई मुलासाठी. म्हणून ही सिंफनी छळछावण्यांवरची रचना म्हणून सांगतात तेव्हा मला अपुरं वाटतं, त्याला स्वतःलाही ते मान्य नव्हतं. ती आई आणि लेकराच्या ताटातुटीची आहे. आईविना वाढलेल्या माणसानं लिहिलेली आहे हे विसरून ती ऐकता येत नाही, मला तरी नाही. अर्पण केलीय बायकोला, यादविगाला.

पहिला प्रयोग ४ एप्रिल १९७७, फ्रान्समध्ये रोयाँच्या महोत्सवात, गायिका स्तेफानिया वॉयतोविच. समीक्षकांनी झोडपलं. शेवटी एकच कॉर्ड (एकत्र वाजणारे सूर) पुन्हा पुन्हा येतो, तो चालू असताना जवळ बसलेल्या एका बड्या फ्रेंच संगीतकारानं शिवी हासडली ही आठवण गुरेत्स्की स्वतः सांगायचे. पुढची पंधरा वर्षं ही सिंफनी जाणकारांपुरतीच राहिली.

मधल्या काळात पोलंडमध्ये काय काय चाललं होतं ते बघायलाच हवं. १९७५ पासून गुरेत्स्की कातोवित्से अकादमीचे रेक्टर होते, पण सत्तेतल्या कम्युनिस्ट पक्षाच्या लोकांशी रोजचे खटके. १९७७ मध्ये क्राकुफच्या कार्डिनल वॉयतिवांनी संत स्तानिस्वावच्या नऊशेव्या पुण्यतिथीसाठी रचना मागितली, पुढच्या वर्षी हेच कार्डिनल पोप जॉन पॉल दुसरे झाले. सरकारनं पोपला कातोवित्सेत येऊ दिलं नाही म्हणून १९७९ ला गुरेत्स्कींनी राजीनामा दिला, आणि त्याच जूनमध्ये क्राकुफला पोपसमोर 'बेआतुस वीर' ही मागितलेली रचना स्वतः कंडक्ट केली. मार्च १९८१ मध्ये बिदगोश्चला मिलिशियानं (सरकारी पोलिसांनी) सॉलिडॅरिटी या स्वतंत्र कामगार संघटनेच्या कार्यकर्त्यांना मारहाण केली, त्यावर त्यांनी 'मिझेरेरे' लिहिली, नुसता कोरस, वाद्य एकही नाही. अर्ध्या तासाच्या वर चालणाऱ्या या रचनेत शब्द फक्त पाच, 'हे प्रभू, आमच्या देवा, आमच्यावर दया कर' एवढाच अर्थ, आणि त्यातलं 'दया कर' हे अगदी शेवटी येतं. तोवर कोरस नुसता हाक मारत राहतो. डिसेंबर १९८१ ला मार्शल लॉ लागला आणि ही रचना पडून राहिली ती १९८७ पर्यंत. तेव्हा ती पहिल्यांदा गायली गेली व्वोत्स्वावेकमध्ये, जिथे नदीत सॉलिडॅरिटीच्या बाजूचे धर्मगुरू, गुप्त पोलिसांनी मारलेले फादर पोप्येवुश्को यांचा मृतदेह सापडला होता त्याच गावी.

आणि मग १९९२. नॉनसच कंपनीनं तिसऱ्या सिंफनीचं नवं रेकॉर्डिंग काढलं, डॉन अपशॉ गायिका, डेव्हिड झिनमन कंडक्टर, लंडन सिंफोनिएटा. त्याच सप्टेंबरात ब्रिटनमध्ये क्लासिक एफएम हे रेडिओ स्टेशन सुरू झालं आणि त्यांनी दुसरा भाग सारखा लावला. लोक गाडी बाजूला घेऊन ऐकत बसायचे असं तेव्हा खूप सांगितलं जायचं. ब्रिटनच्या पॉप अल्बमच्या यादीत ही सिंफनी सहाव्या नंबरपर्यंत गेली, दहा लाखांवर प्रती खपल्या. हयात असलेल्या क्लासिकल रचनाकाराच्या बाबतीत हे जवळपास न ऐकलेलं. अपशॉचा आवाज तरुण, स्वच्छ, त्या १८ वर्षांच्या मुलीला शोभेल असा, माझ्या मते निम्मं यश तिथे आहे. पण वॉयतोविचचं जुनं रेकॉर्डिंगही ऐका, त्यात आईचा आवाज जास्त आहे.

तेव्हा गुरेत्स्की साठीला आलेले. सगळ्यांना चौथी सिंफनी हवी होती, तशीच, लगेच. त्यांनी ती घाई केली नाही. क्रोनोस क्वार्टेट या अमेरिकन चौकडीसाठी तिसरं क्वार्टेट (चार तंतुवाद्यांची रचना) १९९५ लाच लिहून झालं होतं, ते जवळ ठेवून घेतलं आणि दहा वर्षांनी दिलं. चौथीचा प्रयोग २०१० च्या एप्रिलमध्ये लंडनला ठरला होता, आजारपणामुळे राहून गेला. ऑक्टोबरमध्ये देशाचा सर्वोच्च किताब, ऑर्डर ऑफ द व्हाइट ईगल, राष्ट्राध्यक्षांच्या पत्नीनं हॉस्पिटलात येऊन दिला आणि १२ नोव्हेंबरला कातोवित्सेत गुरेत्स्की गेले, ७६ व्या वर्षी.

चौथीचा आराखडा पूर्ण होता, कुठे कुठलं वाद्य याच्या खुणाही करून ठेवलेल्या. त्यांचा मुलगा मिकोवाय, तोही रचनाकार, त्यानं त्यावरून ऑर्केस्ट्रेशन पुरं केलं आणि १२ एप्रिल २०१४ ला ती लंडनमध्ये वाजली. तिसरीसारखं काहीतरी मिळेल म्हणून आलेल्यांना सुरुवातीलाच पूर्ण ऑर्केस्ट्राचे दणदणीत घाव ऐकू आले, सरळ स्कोंत्रीच्या जवळचे.