वालुकाश्माखालचे युरेनियम आणि शिशाची साक्ष

तारापूरला १९६९ मध्ये अणुवीज तयार होऊ लागली, तेव्हापासून कोकणात युरेनियमचे नाव कुणाला परके राहिलेले नाही. पण हे मूलद्रव्य जमिनीत शोधायचे कसे, असे विचारले, तर बहुतेकांच्या डोळ्यांसमोर किरणोत्सार मोजणारा गायगर गणक घेऊन डोंगर पालथे घालणारा माणूस येतो. धातुक, म्हणजे ज्यातून धातू काढतात तो खडक, उघड्यावर असेल, तर हे चित्र खरे आहे. मात्र गॅमा किरण अडवायला जेमतेम एक मीटर खडक पुरतो, आणि जगातील अतिशय समृद्ध साठे शेकडो मीटर जाडीच्या वालुकाश्माखाली दडलेले आहेत. कॅनडाच्या सस्कॅचेवान प्रांतातील अथाबास्का खोऱ्यात १९८१ मध्ये सापडलेला सिगार लेकचा साठा सुमारे ४५० मीटर खोल आहे. त्याच्या धातुकातील युरेनियमचे प्रमाण १० टक्क्यांहून अधिक आहे, तर आपल्या झारखंडमधील जादूगुडा खाणीच्या धातुकात ते ०.१ टक्क्याच्याही खाली असते. तरीही सिगार लेकच्या माथ्यावर गणक मुकाच राहतो.

असे साठे दोन खडकांच्या सांध्यावर तयार होतात. खाली अतिप्राचीन रूपांतरित खडक, वर त्यांच्या झिजलेल्या पृष्ठभागावर साचलेला वालुकाश्म. वालुकाश्मातून फिरणाऱ्या ऑक्सिजनयुक्त, खारट, सुमारे २०० अंश सेल्सिअसच्या पाण्यात युरेनियम विरघळलेले राहते. तळाच्या ग्रॅफाइटयुक्त भ्रंशांपाशी, म्हणजे खडक सरकून पडलेल्या भेगांपाशी, या पाण्याचे क्षपण झाले (त्याची ऑक्सिडीकारक शक्ती गेली), की युरेनियम तिथेच अवक्षेपित होते, म्हणजे घन रूपात साचते. या प्रक्रियेत आसपासचा वालुकाश्मही बदलतो. त्यात इलाइट, क्लोराइट ही मृद्‌खनिजे आणि बोरॉनधारी टूरमलीन येतात, सिलिका विरघळून जाते, आणि काही पट्ट्यांतील खडक इतका पोकळ होतो की वेधनातून, म्हणजे जमिनीत खोल छिद्र पाडताना, वर आलेला तुकडा बोटांनी चुरला तरी त्याची वाळू होते. भिंतीत मुरलेली ओल गळतीच्या जागेपेक्षा कितीतरी मोठ्या भागात दिसावी, तसा हा बदल साठ्याहून खूप मोठ्या जागेत पसरतो. त्यामुळे साठा चुकवून गेलेले वेधनछिद्रही निरुपयोगी ठरत नाही.

माझ्या मते या साऱ्यात सर्वांत भरवशाची साक्ष शिशाची आहे. युरेनियम-२३८ पासून शिसे-२०६ आणि युरेनियम-२३५ पासून शिसे-२०७ बनते, तर शिसे-२०४ कोणत्याही किरणोत्सारी ऱ्हासातून तयार होत नाही. सर्वसाधारण खडकात २०७ आणि २०६ यांचे गुणोत्तर ०.८ च्या आसपास असते. दीड अब्ज वर्षे जुन्या युरेनियम धातुकातील शिशात ते ०.१ च्याही खाली उतरते. वालुकाश्मात मुळातच शिसे फार थोडे असल्याने धातुकातून निसटलेल्या अल्पशा शिशानेही गुणोत्तर बदलते, आणि एकूण शिशाच्या आकड्यात काहीच वेगळे दिसत नसताना हा बदल लक्षात येतो. युरेनियमच्या ऱ्हासातून निघणाऱ्या रेडॉन वायूवर मात्र तेवढी भिस्त ठेवता येत नाही: त्याचे अर्धायुष्य ३.८ दिवसांचे, त्यामुळे एवढ्या खोलीवरून नुसत्या विसरणाने, म्हणजे खडकातून हळूहळू पसरत, वर येईपर्यंत तो संपून जातो. त्याच ऱ्हासातून निघणारा हेलियम टिकतो, पण भेगा मिळतील तिकडे निघून जातो.

अशा खुणांसाठी पृष्ठभागावरची माती तपासताना नमुना पूर्ण विरघळवत नाहीत. सौम्य आम्लाने खनिजकणांवर सैल चिकटलेले धातूच तेवढे काढून मोजतात, कारण कणांच्या आत बंदिस्त असलेला भाग मातीच्या मूळ खडकाविषयीच सांगतो; आणि अथाबास्कात तर हिमनद्यांनी ती माती दुरून आणून टाकलेली आहे.

कोकणात अडचण वेगळी आहे. सिंधुदुर्गात काही ठिकाणी कलादगी या प्राचीन खडकगटाचे वालुकाश्म आणि क्वार्ट्झाइट त्याहून जुन्या खडकांवर विसावलेले दिसतात, आणि त्याच कलादगी खोऱ्याच्या बेळगावकडील भागात, देशनूर परिसरात, युरेनियमचे खनिजीभवन आढळले आहे. एवढ्यावरून कोकणात साठा आहे असे मुळीच ठरत नाही. शोधाची रीत मात्र येथे बदलावी लागेल. सड्यावरची, म्हणजे जांभ्याच्या पठारावरची, माती बहुतांशी जागीच तयार झालेली असली, तरी पावसाने धुऊन धुऊन तिच्यातले बरेच काही गेलेले असते. शिवाय जांभ्यातील लोहाची ऑक्साइडे पाण्यातले युरेनियम स्वतःकडे ओढून धरतात, त्यामुळे चिरेखाणीतल्या नमुन्यात युरेनियम जरा जास्त भरले, तर ते खालून आले की जांभ्यानेच वर्षानुवर्षे गोळा केले, हे नुसत्या आकड्यावरून ओळखता येत नाही. म्हणून तेथे जांभ्याखालच्या वालुकाश्माचे वेधननमुने आणि बोअरवेलचे पाणी यांना अधिक महत्त्व द्यावे लागेल, आणि युरेनियमचे प्रमाण वाढलेले दिसले तरी शिशाचे गुणोत्तर तपासल्याशिवाय पुढचे छिद्र कुठे घ्यायचे ते ठरवता येणार नाही.